आकाश वजा करताना



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत राहिले आणि आकड्याशिवाय केलेलं वर्णन त्यांना फारसं मानवत नसे. म्हणून आज आकाशाच्या सौंदर्याबद्दल कमी आणि हिशेबाबद्दल जास्त बोलणार आहे. पुण्यासारख्या शहरातल्या गच्चीवरून तीन कोटी प्रकाशवर्षांवरच्या सर्पिल दीर्घिकेचं छायाचित्र घेता येतं का, आणि येत असेल तर त्याची किंमत काय पडते, हा आजचा विषय.

घेता येतं, हे आधीच सांगून टाकतो. मागे पडद्यावर आहे ते छायाचित्र आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहून घेतलेलं आहे. त्यात दोन सर्पिल भुजा दिसतात, एका भुजेच्या टोकाशी लटकलेली छोटी सोबतीण दिसते, भुजांच्या आतल्या कडेला धुळीच्या काळ्या रेषा दिसतात. असं छायाचित्र दाखवलं की लोक म्हणतात, मग प्रकाशप्रदूषणाची ओरड कशाला? तुमचं तर काम झालं! या प्रश्नाचं सविस्तर उत्तर म्हणजेच आजचं व्याख्यान.

दीर्घिकेचं नाव एम 51. सप्तर्षीच्या शेपटीत अंगिरस, वसिष्ठ आणि टोकाला मरीची. मरीचीपासून साडेतीन अंशांवर, शामशबल या फिकट तारकासमूहाच्या हद्दीत ती आहे. एप्रिलच्या मध्यात ती मध्यरात्री मध्यमंडलावर येते. पुण्याहून पाहिलं तर उत्तरेला सुमारे 61 अंश उंचीवर. म्हणजे गुढीपाडव्यापासून वळवाचे ढग जमायला लागेपर्यंतचा काळ तिचा. आमच्याकडे व्याख्यानांचा हंगामही तोच, त्यामुळे दोहोंची ओढाताण होते ती वेगळी.

चार्ल्स मेसिएनं ती 1773 मध्ये पाहिली, तेव्हा त्याला एक अंधूक ठिपका दिसला. तो धूमकेतू शोधत होता आणि असे ठिपके त्याला अडचणीचे वाटत. त्याची प्रसिद्ध यादी ही मुळात टाळायच्या वस्तूंची यादी आहे. 1781 मध्ये त्याचा सहकारी मेशँ याला त्या ठिपक्याशेजारी दुसरा दिसला. पुढे 1845 च्या वसंतात आयर्लंडमधल्या बर इथं लॉर्ड रॉसनं 72 इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली आणि तिच्यातून पाहताना त्याला या ठिपक्यात भोवरा दिसला. सर्पिल रचना माणसानं पहिल्यांदा पाहिली ती या दीर्घिकेत. त्यानं ती पेन्सिलीनं कागदावर उतरवली. आजचं छायाचित्र त्या चित्राशेजारी ठेवलं तर त्याच्या नजरेला दाद द्यावी लागते. अर्थात त्याच्याकडे सुमारे तीन टनांचा आरसा होता आणि भोवती आयर्लंडचा अंधार होता. माझ्या दुर्बिणीचा आरसा आठ इंची आहे आणि गच्चीभोवती काय आहे ते तुम्ही रोज पाहता.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. या दीर्घिकेतून आज आपल्याकडे पोचणारा प्रकाश निघाला तेव्हा सह्याद्रीचा काळा कातळ थंड होऊन साडेतीन कोटी वर्षं उलटली होती. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. आकाशातल्या अंतरांपुढे पृथ्वीवरचं सगळं अगदी ताजं असतं अशी आपली समजूत असते. इथं ते उलटं आहे.

आता आकडे. एम 51 ची एकूण प्रत, म्हणजे तेजाचं माप, 8.4. आठ इंची आरशावर तिच्याकडून, फक्त हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात, सेकंदाला लाखाच्या आसपास फोटॉन पडतात. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण दीर्घिका म्हणजे तारा नव्हे. तिचा प्रकाश आकाशाच्या 11 कला लांब आणि 7 कला रुंद तुकड्यावर पसरलेला आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग आणि विकला म्हणजे कलेचा साठावा भाग; तो तुकडा दोन लाखांहून जास्त चौरस विकलांचा. लाखाला दोन लाखांनी भागा. एका चौरस विकलेतून दोन सेकंदांना एक फोटॉन, एवढीच मिळकत उरते.

त्या चौरस विकलेवर आणखी कोण प्रकाश टाकतं? आकाश. अगदी काळोख्या जागीही आकाश पूर्ण काळं नसतं. तिथं त्याची तेजस्विता चौरस विकलेला 22 प्रतीच्या जवळपास असते. मोठ्या शहरांच्या मध्यात ती 18 च्या आसपास येते. प्रतीचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, आणि चार प्रतींचा फरक म्हणजे चाळीसपट उजेड. एम 51 ची सरासरी तेजस्विता चौरस विकलेला पावणेबावीस, बाहेरच्या भुजांची तेवीस किंवा त्याहून फिकी. म्हणजे शहराच्या आकाशात दीर्घिकेचा सरासरी भाग आकाशाहून तीसपट फिका आणि बाहेरच्या भुजा शंभरपट फिक्या. फक्त दोन्ही दीर्घिकांचे गाभे आकाशाला टक्कर देतात. म्हणूनच गच्चीवरून दुर्बिणीला डोळा लावला तर मेसिए आणि मेशँला दिसले तेवढे दोन ठिपके दिसतात, आणि चंद्र नसेल, हवा निवळ असेल तरच. भुजा कधीही दिसत नाहीत. दुर्बीण मोठी केली तरी फारसा उपयोग होत नाही, कारण ती दीर्घिकेबरोबर आकाशही तेवढंच गोळा करते.

इथं एक गैरसमज असतो. शहराच्या उजेडानं दीर्घिकेचा प्रकाश अडतो, असं लोकांना वाटतं. तो अडत नाही. हवेतल्या धुळीनं थोडा अडतो, ती गोष्ट निराळी. बाकी सगळे फोटॉन लक्ष्मी रोडवरही तेवढेच पडतात जेवढे लडाखमध्ये. फक्त त्यांच्यात आणखी शंभरपट फोटॉन मिसळलेले असतात, आणि कोणता फोटॉन कुठून आला हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

मग आकाशाचा उजेड वजा करून टाकावा! शेजारच्या मोकळ्या आकाशाचा उजेड मोजायचा आणि दीर्घिकेच्या जागेवरून तेवढा काढून घ्यायचा. कल्पना बरोबर आहे आणि आम्ही तेच करतो. अडचण पुढे आहे, आणि ती समजावून सांगायला मी तुम्हाला दादरला नेतो.

दादर स्टेशनच्या पुलावर एक माणूस मोजणीला बसवला आहे असं समजा. पुलावरून तासाला सरासरी दहा हजार माणसं जातात. आकडा मी सोयीसाठी घेतला आहे, रेल्वेचा नाही. जो तो आपापल्या कामानं निघालेला, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. अशा वेळी दर तासाची मोजणी नेमकी दहा हजार येत नाही. कधी 9,900, कधी 10,080 अशी ती हलत राहते. किती हलायचं याचाही नियम आहे : साधारण सरासरीच्या वर्गमुळाएवढं. दहा हजाराचं वर्गमूळ शंभर. आता एका तासात त्या गर्दीत मिसळून शंभर वारकऱ्यांची दिंडी गेली. मोजणाऱ्याला फक्त डोकी मोजायची आहेत, टाळ ऐकायचे नाहीत. त्याचा आकडा आला 10,100. दिंडी गेली की नाही? सांगता येत नाही. शेजारच्या, बिनदिंडीच्या पुलाची सरासरी वजा करून शंभर उरले तरी ते शंभर दिंडीचे की गर्दीच्या हलण्याचे, याला पुरावा नाही.

पण दर तासाला दिंडी जात असेल आणि तुम्ही शंभर तास मोजलं, तर वारकरी झाले दहा हजार. इतर माणसं झाली दहा लाख, आणि दहा लाखांचं वर्गमूळ फक्त एक हजार. आता दिंडी गर्दीच्या हलण्याच्या दहापट मोठी झाली. ती लपूच शकत नाही.

गर्दी म्हणजे शहराचं आकाश, दिंडी म्हणजे बाहेरची भुजा, आणि शंभर तास म्हणजे शंभर छायाचित्रं. आम्ही एकच लांब छायाचित्र घेत नाही. दोन-दोन मिनिटांची शेकडो घेतो, संगणकावर एकावर एक रचतो आणि मग आकाश वजा करतो. आकाशाची सरासरी वजा होते, पण त्याची थरथर वजा होत नाही. ती बेरजेतच राहते आणि फक्त वेळ देऊन तिला लहान करावं लागतं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

हाच हिशेब काळोख्या जागी करून पाहा. आकाश चाळीसपट फिकं, म्हणजे दहा हजारांच्या जागी अडीचशे. दिंडी तेवढीच, शंभरची. एकूण साडेतीनशे, त्याचं वर्गमूळ एकोणीस. एकाच छायाचित्रात दिंडी थरथरीच्या पाचपट, आणि दहापट व्हायला चार छायाचित्रं पुरतात. शहरात ज्याला शंभर लागली त्याला तिथं चार. दोन-दोन मिनिटांची धरली तर इथं सव्वातीन तास आणि तिथं आठ मिनिटं. शहरातल्या छायाचित्राची किंमत म्हणतो ती ही.

ही वजाबाकी मुळात शक्य झाली ती इलेक्ट्रॉनिक संवेदकामुळे. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली, आणि त्याबद्दल त्यांना 2009 चं नोबेल मिळालं. जितके फोटॉन पडले तितक्या प्रमाणात आकडा वाढतो, हा या संवेदकाचा गुण. जुन्या काचेच्या प्लेटचं तसं नव्हतं. आकाशाच्या उजेडानं प्लेट हळूहळू काळवंडत जाई आणि एका मर्यादेपलीकडे तिच्यात नवं काही उमटत नसे. बेरीजच नीट होत नाही तिथं वजाबाकी कुठली?

त्या प्लेटच्या काळातली एक हकिगत या विषयावर बोलताना वगळणं मला जमत नाही. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या डोक्यावर माउंट विल्सन आहे. तिथल्या शंभर इंची दुर्बिणीवर 1923 मध्ये एडविन हबलला देवयानी दीर्घिकेत एक रूपविकारी तारा सापडला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे त्यातून ठरलं. पण देवयानीच्या मधल्या भागातले तारे त्याला सुटे करता आले नाहीत. तिथं नुसता दुधाळ उजेड येई. शहर वाढत होतं, आकाश उजळत होतं. मग दुसरं महायुद्ध आलं. पॅसिफिक किनाऱ्यावर दिवे मंदावले. वेधशाळेतले बहुतेक शास्त्रज्ञ युद्धाच्या कामावर गेले. वॉल्टर बाडे मात्र जर्मन नागरिक, म्हणजे कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा; त्याला त्या कामावर कोण घेणार? जगातली सर्वांत मोठी दुर्बीण आणि अंधारलेलं लॉस एंजेलिस, दोन्ही त्याच्या वाट्याला आली. 1943 मध्ये त्यानं लाल प्रकाशाला संवेदनशील प्लेटा वापरल्या आणि देवयानीच्या मधल्या भागातले तारे सुटे केले. ते लाल, म्हातारे तारे निघाले. भुजांमधल्या निळ्या ताऱ्यांहून वेगळ्या कुळीचे. 1944 मध्ये त्यानं ताऱ्यांच्या दोन कुळींची मांडणी प्रसिद्ध केली. त्या धाग्यावरून पुढे, 1952 मध्ये रोमच्या परिषदेत त्यानं दाखवून दिलं की दीर्घिकांची अंतरं आपण निम्मीच धरत होतो. विश्व एकदम दुप्पट झालं.

बाडेची हुशारी निर्विवाद आहे. पण शहरानं दिवे मंदावले नसते तर त्या साली, त्या डोंगरावरून हे झालं असतं असं मला वाटत नाही. शहर पुन्हा उजळलं आणि पुढे 1985 मध्ये ती दुर्बीण काही वर्षांसाठी बंदच ठेवली गेली. त्यात त्या उजेडाचाही वाटा होता. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, वीस इंची दुर्बीण चालवली होती. ते निवृत्त झाल्यावर 1912 मध्ये ती कोडाईकनालला गेली. ती राहिली असती तरी आज शिवाजीनगरच्या आकाशात तिनं काय केलं असतं? पुण्यातल्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेला आपली दोन मीटरची दुर्बीण ठेवायला शहराबाहेर गिरवलीचा डोंगर शोधावा लागला, यातच उत्तर आलं.

आता गच्चीवर परत येऊ. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या हातात एक हत्यार होतं. रस्त्यावर सोडियमचे दिवे असत. त्यांचा बहुतेक उजेड 589 नॅनोमीटरच्या पिवळ्या पट्ट्याभोवती. तेवढा पट्टा अडवणारी फिल्टरची काच लावली की आकाश बरंच काळं व्हायचं. मग एलईडी आले. 5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात देशभर एक कोटीहून जास्त पथदिवे बदलले गेले. वीज वाचली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, आणि 450 नॅनोमीटरजवळ निळ्याचा मोठा उंचवटा असतो. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. 450 चा प्रकाश 590 च्या तुलनेत जवळजवळ तिप्पट. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, तोही निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला. एकाला अडवायला जावं तर दुसराही अडतो. जुने फिल्टर आता कपाटात आहेत.

तेजोमेघांची छायाचित्रं घेणारे यावर हसतात. त्यांच्या मेघांचा प्रकाश हायड्रोजन, ऑक्सिजनच्या ठरावीक रेषांत असतो, त्यामुळे तीन नॅनोमीटर रुंदीची फट ठेवणारा फिल्टर लावून ते भर शहरात मृगातल्या तेजोमेघाची झकास चित्रं काढतात. आम्हाला ती सोय फक्त भुजांमधल्या लालसर ठिपक्यांपुरती आहे, जिथं नवे तारे जन्मतात आणि हायड्रोजन 656.3 नॅनोमीटरवर चमकतो. त्यातही एक गंमत. एम 51 आपल्यापासून दूर जाते आहे, म्हणून तिची ही रेषा सुमारे एक नॅनोमीटरनं लालकडे सरकलेली असते. अतिअरुंद फिल्टर घेतला तर रेषा फटीच्या कडेला जाते. पैसे जास्त मोजून प्रकाश कमी मिळतो. सात नॅनोमीटरचा, स्वस्तातला, इथं बरा.

बाकीची कामं कष्टाची आहेत, चतुराईची नाहीत. एप्रिलच्या रात्री गच्चीचा कोबा उशिरापर्यंत तापलेला असतो. वर उठणाऱ्या गरम हवेत तारे नाचतात, म्हणून रात्री अकराच्या आधी सुरुवात करण्यात अर्थ नसतो. संवेदक थंड ठेवावा लागतो, कारण तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की त्याचा स्वतःचा खोटा प्रवाह दुप्पट होतो. टाकीचा पंप सुरू झाला की स्लॅब थरथरतो आणि तेवढी चित्रं टाकून द्यावी लागतात. शहरात सर्वांत महत्त्वाचं चित्र असतं ते फ्लॅटचं : दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून एकसारख्या उजेडाचा फोटो. भिंगावरची धूळ, कडांचा काळोख, सगळं त्यात उमटतं आणि मग मूळ चित्राला त्यानं भागता येतं. आकाश दीर्घिकेहून शंभरपट उजळ असताना एका टक्क्याचा डाग म्हणजे अख्ख्या भुजेएवढा डाग. काळोख्या जागी हे दुर्लक्षून चालतं, इथं नाही.

आणि एक नवा मोह आहे. थरथर पुसणारी सॉफ्टवेअरं आता मिळतात. हजारो चित्रांवर शिकलेली ही सॉफ्टवेअरं दोन तासांच्या चित्राला वीस तासांचं रूप देतात. मी ती वापरून पाहिली आहेत आणि दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी त्यांना माझी हरकत नाही. पण ज्या ठिपक्यात दिंडी गेली की नाही हे मोजणीतूनच ठरत नाही, तिथं सॉफ्टवेअर काय करतं? दीर्घिका साधारणपणे कशा असतात यावरून ते तिथं काहीतरी काढतं. ते चित्र सुंदर दिसेलही, पण ते या दीर्घिकेचं नसेल. रॉसच्या पेन्सिलीवर माझा जास्त विश्वास आहे.

शहराला एका बाबतीत थोडी सूट आहे. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो, म्हणून आकाशाचा उजेड त्याला तितका बुडवू शकत नाही. 1994, 2005 आणि 2011 मध्ये एम 51 मध्ये अतिनवतारे दिसले. मे 2023 मध्ये शेजारच्या एम 101 दीर्घिकेत दिसलेला अतिनवतारा तर अकराव्या प्रतीपर्यंत उजळला. तो शोधला जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकानं. असा तारा शहरातल्या गच्चीवरूनही नीट टिपता येतो, रात्रीमागून रात्री त्याची प्रत मोजता येते, आणि ती मोजणी खरी असते. ज्याला शहरात राहून काही उपयोगाचं करायचं आहे त्यानं सर्पिल भुजांपेक्षा हे करावं, असं मी तरुणांना सांगतो. ते ऐकत नाहीत. मीही ऐकत नाही.

शेवटी थोडं दिव्यांबद्दल. जानेवारी 2023 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात क्रिस्टोफर कायबा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. 2011 ते 2022 या काळात सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी किती फिके तारे दिसतात याच्या केलेल्या पन्नास हजारांहून जास्त नोंदी त्यांनी तपासल्या. आकाश वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळतं आहे, असं त्यात निघालं. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या, आपल्याकडच्या थोड्या. उपग्रहांना ही वाढ बरीच कमी दिसत होती, कारण त्यांच्या संवेदकाला एलईडीचा निळा उजेड जाणवतच नाही. 9.6 टक्के म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. आणि मघाचा हिशेब आठवा : आकाश दुप्पट उजळलं की त्याच छायाचित्राला दुप्पट वेळ लागतो.

उपाय माहीत आहेत. दिव्याला वरून झाकण, पांढऱ्याऐवजी उबदार रंग, गरजेएवढाच उजेड, रात्री उशिरा तोही कमी. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावानं 1958 मध्येच त्यासाठी पहिला नियम केला. आपल्या पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण तिथले दिवे कमी करणं आणि पुण्यातले कमी करणं यात फरक आहे. शिवाय पथदिव्यांनाच सगळा दोष देऊन भागत नाही. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात शास्त्रज्ञांनी महापालिकेला हाताशी धरून काही रात्री पथदिवे मंद-प्रखर केले आणि उपग्रहातून फरक मोजला. शहराच्या वर जाणाऱ्या उजेडात पथदिव्यांचा वाटा निघाला फक्त 13 टक्के. बाकीचा उजेड जाहिरातींचे फलक, दुकानं, इमारती, मैदानं आणि वाहनतळ यांचा. आपल्याकडे असा प्रयोग कुणी करणार असेल तर उपग्रह नाही, पण गच्ची मी देतो.

शहराचं आकाश गावाकडच्यासारखं व्हावं अशी माझी मागणी नाही. अठराच्या जागी एकोणीस, फक्त एक प्रत. तेवढ्यानं वेळ अडीचपटीनं कमी लागतो : वीस तासांचं काम आठ तासांत. मग एप्रिलमध्येच एम 51 उरकेल, आणि वळवाचे ढग यायच्या आत एम 101 हाती घेता येईल. ती तर आणखी फिकी आहे.